पेलेट शेगडी

पेलेट शेगडी म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातील काडीकचरा दाबून तयार केलेल्या बारीक कांड्यांवर चालणारी आणि विजेच्या पंख्याने हवा घेणारी शेगडी होय. या कांड्यांना पेलेट म्हणतात. शेगडीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला रोजच्या स्वयंपाकाचा. भारतात, विशेषतः महाराष्ट्र व कर्नाटकात, तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या प्रमाणावर विकला गेला. दुसरा प्रकार अंगणात किंवा परसात मांस, मासे, भाज्या मंद आचेवर व धुरावर शिजवण्याचा आहे. त्याला पेलेट ग्रिल असे म्हणतात व त्याचा उगम अमेरिकेतील आहे. दोन्ही प्रकारांचे इंधन एकाच जातीचे असले तरी त्यांचे हेतू एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिल्या शेगडीत धूर शक्य तितका नाहीसा करायचा असतो, तर दुसरीत तो थोडासा राखून अन्नाला लावायचा असतो.

दोन्ही शेगड्यांचा एक समान गुणधर्म ग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. लाकूड, गोवऱ्या किंवा तुराट्या जवळपास कोठेही मिळतात. पेलेट मात्र कारखान्यात तयार होतात आणि शेगडीत त्यांच्याऐवजी दुसरे काही घालता येत नाही. त्यामुळे शेगडी कितीही सवलतीत मिळाली, तरी तिचे पुढचे आयुष्य पेलेटच्या भावावर व पुरवठ्यावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात याचा अनुभव लाखो कुटुंबांनी घेतलेला आहे. त्याची माहिती पुढे ‘ऊर्जा शेगडी’ या विभागात दिली आहे.

पेलेट

पेलेट साधारणपणे ६ ते ८ मिलिमीटर जाडीचे आणि बोटाच्या एका-दोन पेरांएवढ्या लांबीचे असतात. वाळवलेला व दळलेला भुसा पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने ढकलला जातो. घर्षणामुळे तो तापतो, लाकडात मुळातच असलेले लिग्निन हे द्रव्य मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच गोंदासारखे काम करते. म्हणून चांगल्या पेलेटमध्ये वेगळा डिंक किंवा रसायन घालावे लागत नाही. अशा पेलेटचा पृष्ठभाग तुकतुकीत असतो व तो मोडताना स्पष्ट आवाज होतो.

पेलेटमधील ओलावा साधारणपणे १० टक्क्यांहून कमी असतो. ताज्या तोडलेल्या लाकडात तो निम्म्याच्या घरात असू शकतो. ओले लाकूड जळताना बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, शिवाय धूरही होतो. पेलेटच्या कार्यक्षमतेचे मुख्य रहस्य हा कोरडेपणाच आहे. लाकडाच्या पेलेटपासून दर किलोमागे साधारण ४,००० ते ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. शेतातील अवशेषांच्या पेलेटपासून ती ३,५०० ते ४,००० इतकी मिळते, कारण त्यांत राखेचे प्रमाण अधिक असते. भाताचे तूस त्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक. त्यातील सिलिकेमुळे राख भरपूर होते.

पाणी हा पेलेटचा शत्रू आहे. भिजलेला पेलेट काही मिनिटांत फुगून पुन्हा भुसा होतो, आणि वाळवला तरी पूर्ववत होत नाही. दमट हवेतही उघडे पोते हळूहळू खराब होते. कोकणात ही अडचण वर्षातील बराच काळ राहते. विदर्भात ती मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांपुरती असते.

स्वयंपाकाच्या शेगडीची रचना

घरगुती पेलेट शेगडी दिसायला पत्र्याच्या डब्यासारखी असते. आत पेलेट भरण्याची कोठी, तळाशी लहान पंखा आणि कोठीच्या भिंतीला खाली व वर छिद्रांच्या ओळी असतात. पेलेट भरल्यावर ते वरून पेटवले जातात. ही गोष्ट चुलीची सवय असलेल्या व्यक्तीला प्रथम उलटी वाटते. खालच्या छिद्रांतून येणारी थोडी हवा पेलेट पूर्ण जळू देत नाही. त्यांतून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू वर चढले की वरच्या छिद्रांतून येणारी ताजी हवा त्यांना मिळते आणि तेथे ते जवळजवळ निर्धूर ज्योतीने जळतात. एरवी चुलीतून धूर म्हणून वाया जाणारा भाग येथे इंधन म्हणून वापरला जातो, म्हणून या शेगडीला गॅसिफायर शेगडी असेही नाव आहे.

पारंपरिक तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १० ते १५ टक्के मानली जाते, म्हणजे लाकडातील उष्णतेचा तेवढाच भाग भांड्याला लागतो. चांगल्या गॅसिफायर शेगडीत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास जाते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१५२ या मानकानुसार पंख्याच्या घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के आणि बिनपंख्याच्या शेगडीची किमान २५ टक्के असावी लागते. त्याच मानकात कार्बन मोनॉक्साइड व धुरातील सूक्ष्म कण यांच्याही मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत.

या शेगडीत एकदा भरलेले इंधन संपेपर्यंत मध्येच भर घालणे सोयीचे नसते. एका भरणीत वरण-भात आणि भाजी होते. पाहुणे आले, भाकरी वाढवाव्या लागल्या, की घरातील बाईची पंचाईत होते. प्रयोगशाळेतील मोजमापांत या अडचणीला स्थान नाही, परंतु शेगडी वापरात राहते की माळ्यावर जाते हे पुष्कळदा अशाच गोष्टींवर ठरते.

ऊर्जा शेगडी

भारतीय विज्ञान संस्था, बंगळुरू येथील प्रा. एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ ही पेलेट शेगडी ब्रिटिश पेट्रोलियम अर्थात बीपी या तेल कंपनीने २००६पासून भारतात विकली. पुढे कंपनीने या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि पुण्यातील फर्स्ट एनर्जी या कंपनीने तो चालवला. शेगडीसोबत पेलेटही याच व्यवस्थेतून विकले जात. उसाचे चिपाड, शेंगदाण्याची टरफले यांसारख्या अवशेषांपासून ते तयार होत. पंखा पुन्हा भारित करता येणाऱ्या विद्युत्‌घटावर चाले, त्यामुळे वीज गेली तरी स्वयंपाक अडत नसे. अशा ४ लाखांहून अधिक शेगड्या घरगुती ग्राहकांना विकल्या गेल्या. या जातीच्या शेगडीची व्यापारी तत्त्वावर झालेली ही सर्वांत मोठी विक्री मानली जाते.

या प्रयोगाचे पुढे काय झाले, याचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी महाराष्ट्र व कर्नाटकातील ९९८ कुटुंबांची पाहणी केली होती. शेगडी घेणाऱ्या कुटुंबांपैकी केवळ ९ टक्के कुटुंबे पाहणीच्या वेळी ती वापरत होती. शेगडी वाईट होती असा याचा अर्थ नाही. तिच्या कार्यक्षमतेविषयी तज्ज्ञांत फारसा वाद नव्हता. अडचण इंधनाची होती. ‘शेतातील टाकाऊ माल’ स्वस्तात मिळत राहील, हे गृहीतक टिकले नाही. टाकाऊ मालाला गिऱ्हाईक मिळाले की तो टाकाऊ राहत नाही, हा बाजाराचा साधा नियम येथे लागू पडला. चिपाडापासून साखर कारखाने स्वतःच वीज करू लागले होते. कच्चा माल महागला, वाहतूक महागली, पेलेटचा भाव चढला आणि तो ग्राहकाला परवडेनासा झाला. कंपनीने आपले लक्ष घरांकडून हॉटेले, खानावळी व इतर व्यावसायिक स्वयंपाकघरांकडे वळवले. घरोघरीच्या शेगड्या इंधनावाचून पडून राहिल्या.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष लक्षणीय आहे. ही शेगडी घेण्यात आघाडीवर असलेली कुटुंबे चुलीवर स्वयंपाक करणारी नसून आधीच गॅस वापरणारी होती. त्यांना सिलिंडरचा खर्च वाचवायचा होता. धूर व आरोग्य यांविषयीच्या प्रचाराचा खरेदीच्या निर्णयावर ठळक परिणाम दिसला नाही. ज्या घरात सरपण फुकट गोळा केले जाते, त्या घराला विकतचे पेलेट महागच वाटणार, हे यावरून स्पष्ट होते.

गॅसशी तुलना

पेलेट परवडतात की नाही, हे पाहण्यासाठी साधा हिशेब करता येतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. दर किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी धरल्यास एकूण उष्णता १,५६,००० किलोकॅलरीच्या आसपास होते. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर भांड्याला सुमारे ९३,७०० किलोकॅलरी मिळतात. शेतमालाच्या अवशेषांच्या पेलेटची उष्णता ३,६०० किलोकॅलरी व शेगडीची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास एका किलोमागे १,८०० किलोकॅलरी कामी येतात. म्हणजे एका सिलिंडरची जागा घेण्यास सुमारे ५२ किलो पेलेट लागतात. समजा, सिलिंडर ९०० रुपयांना पडत असेल, तर घरपोच पेलेटचा भाव किलोमागे १७ रुपयांच्या वर गेला की शेगडी तोट्यात गेली. शेगडीची किंमत या हिशेबात अजून धरलेलीच नाही. ५२ किलो पेलेट ठेवण्यास कोरडी जागा लागते आणि त्यांची राख टाकावी लागते, या गोष्टी वेगळ्याच.

२०१६मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचवली व पेलेट शेगडीचे घरगुती क्षेत्र आणखी आकसले. गॅसच्या बाबतीतही पहिली जोडणी सवलतीत आणि पुढचा सिलिंडर मात्र घरखर्चातून, हे गणित चुकलेले नाही.

पेलेट ग्रिल

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या वायव्य भागात लाकूड कारखान्यांतील भुशापासून पेलेट करून त्यांवर घरे उबदार ठेवण्याच्या शेगड्या प्रचारात आल्या. ओरेगन राज्यातील माउंट एंजल येथील जो ट्रेगर यांचा व्यवसाय अशाच उपकरणांचा होता. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी हीच कल्पना अन्न भाजण्यासाठी वापरली आणि पेलेट ग्रिलचे पेटंट घेतले. २००६च्या सुमारास पेटंटची मुदत संपली. त्यानंतर अनेक उत्पादक या धंद्यात उतरले, स्पर्धा वाढली आणि सवलतींचा काळ सुरू झाला.

ग्रिलच्या एका बाजूस पेलेटची पेटी असते. तिच्या तळाशी असलेला मळसूत्री दांडा विजेच्या मोटरीने फिरतो व थोडे थोडे पेलेट मध्यभागी असलेल्या लोखंडी वाटीत आणून टाकतो. आरंभी एक तापणारी कांडी त्यांना पेटवते व पंखा हवा देतो. वाटीच्या वर पत्र्याचा आडोसा असतो, त्यामुळे ज्योत अन्नाला थेट लागत नाही. त्याखेरीज चरबी व तेल ओघळून बाहेरच्या भांड्यात जावे म्हणून एक तिरपा पत्रा बसवलेला असतो. आतील तापमान मोजून नियंत्रक मोटरीचा वेग कमी-जास्त करतो. अशा रीतीने ठरवलेले तापमान तासन्‌तास टिकते, आणि कोळशाच्या भट्टीपाशी रात्रभर जागत बसण्याचे कारण उरत नाही. या उपकरणाच्या लोकप्रियतेचे मूळ यातच आहे. जाणते आचारी मात्र याच कारणाने त्याला नाक मुरडतात.

धुरावर शिजवण्यासाठी साधारण १०५ ते १२० अंश सेल्सियस तापमान ठेवतात. अशा मंद आचेवर एका तासाला अर्धा ते एक किलो पेलेट लागतात. तापमान चढवले की हे प्रमाण झपाट्याने वाढते. मांसाचा मोठा तुकडा आठ-दहा तास शिजवायचा असेल, तर एका बैठकीत सहा ते आठ किलो पेलेट सहज संपतात. महिन्यातून दोन वेळा असा बेत केला, तर वर्षाला दीडशे किलोंच्या पुढे पेलेट लागतील.

धुराचा स्वाद

लाकडातील लिग्निन तापून विघटित झाले की ग्वायकॉल व सिरिंगॉल यांसारखी द्रव्ये तयार होतात. धुराचा परिचित वास व चव मुख्यतः त्यांचीच असते. सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांच्यापासून निर्माण होणारी द्रव्ये अन्नाला तांबूस-तपकिरी रंग देतात. मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी कड हा कच्चेपणा नव्हे. धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांचा मांसातील मायोग्लोबिनशी संयोग होऊन तो रंग येतो.

दाट, पांढरा धूर अन्नाला कडवट करतो. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर उत्तम मानला जातो. पेलेटचे ज्वलन स्वच्छ असल्याने त्यांचा धूर मुळातच सौम्य असतो, आणि तापमान जितके जास्त तितका तो कमी. कोळसा किंवा ओंडक्यांच्या भट्टीची चव अपेक्षून पेलेट ग्रिल घेणाऱ्याची त्यामुळे निराशा होऊ शकते.

धुराचा स्वाद मराठी स्वयंपाकाला नवा नाही. खानदेश व विदर्भात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या आगीवर भाजतात, आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला तेथे कोणी भरीत म्हणण्यास सहसा तयार होत नाही. ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा गोवऱ्यांच्या आगटीत भाजला जातो. विदर्भातील रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून निघतात. रायगड जिल्ह्यातील पोपटीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात घालून भोवती जाळ करतात. जळत्या निखाऱ्यावर तूप सोडून भाजीला किंवा रायत्याला दिलेला धुंगार हा याच कुळातला. मात्र या सर्व पद्धती काही मिनिटांच्या किंवा फार तर तासा-दोन तासांच्या आहेत. मांस दहा-बारा तास धुरात ठेवण्याची पद्धत थंड हवेच्या व मुबलक लाकडाच्या प्रदेशांतून आलेली आहे.

आरोग्याच्या दृष्टीने धूर चुलीतला असो वा ग्रिलमधला, तो निरुपद्रवी नसतो. चरबी आगीवर ठिबकून होणाऱ्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. धुरी देऊन टिकवलेले मांस त्यात मोडते. ग्रिलमधील तिरपा पत्रा चरबीला आगीपासून दूर ठेवतो, म्हणून तो स्वच्छ व जागेवर असणे आवश्यक आहे.

वर्धा जिल्हा व पऱ्हाटी

स्वयंपाकघरातील धूर घालवण्याच्या प्रयत्नांत वर्ध्याचे स्थान जुने आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४मध्ये वर्ध्यात झाली. त्याचे कार्यालय असलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांबरोबर चुलीचाही विचार झाला. मातीची, धुराडे असलेली ‘मगन चूल’ ही त्या परंपरेतील. तिला विकतचे इंधन लागत नसे आणि ती गावच्या मातीत, गावच्या हातांनी बांधता येई. पेलेट शेगडीच्या तुलनेत तिची कार्यक्षमता कमी होती. पण तिच्यासाठी कोणत्याही कारखान्याची वाट पाहावी लागत नव्हती.

सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे नगर नागपूर–वर्धा लोहमार्गावर आहे. वर्धा शहरालगतच्या सिंदी (मेघे) या गावापासून ते वेगळे ओळखण्यास नावातील ‘रेल्वे’ उपयोगी पडते. भोवतालचा प्रदेश कापूस, तूर व सोयाबीनचा आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात पऱ्हाटीच्या काड्या उरतात. हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते असे मानले जाते. काही घरी सरपणासाठी येते, बरीच शेतातच जाळली जाते. गंजी घालून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या पुढील हंगामापर्यंत तग धरतात, यास्तव तिची वेळेवर विल्हेवाट लावण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. अशा पऱ्हाटीचे पेलेट करणे हा त्यावरचा एक उपाय होय. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या, कांडी-कोळसा व पेलेट करण्याच्या पद्धतींवर काम केले असून तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे.

पऱ्हाटी हलकी पण फुगीर असते. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली दिसते, वजन मात्र थोडेच भरते. त्यामुळे ती दूर नेणे परवडत नाही. शेताजवळच ती बारीक करून दाबली, तरच पेलेटचा भाव आटोक्यात राहू शकतो. शिवाय ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्र सरकारने कोळशावरील वीजकेंद्रांनी काही प्रमाणात जैवभाराचे पेलेट जाळावेत असे धोरण जाहीर केले. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथील मोठी वीजकेंद्रे विदर्भातच आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने नवा मोठा गिऱ्हाईक मिळणे हिताचेच. पण पाच-दहा किलो पेलेट मागणाऱ्या घरगुती ग्राहकाला त्या रांगेत शेवटचे स्थान मिळणार, हे उघड आहे.

येथे एक धोका स्पष्ट करणे जरूर आहे. पऱ्हाटीचे पेलेट बंद भांड्याखाली जाळणे आणि त्यांच्या धुरात अन्न शिजवणे या भिन्न गोष्टी आहेत. कापसावर हंगामात अनेक वेळा कीटकनाशके फवारली जातात. त्यांचे अवशेष काडीवर किती राहतात हे शेतागणिक बदलते. बॉयलरसाठी केलेल्या पेलेटमध्ये माती, प्लायवुडचा भुसा, रंगवलेल्या लाकडाचे तुकडे किंवा चिकट द्रव्येही असू शकतात. म्हणून पेलेट ग्रिलमध्ये अन्नासाठी म्हणून विकलेले, केवळ कठीण लाकडाचे पेलेटच वापरतात. अमेरिकेत हिकरी, ओक, मेपल, सफरचंद, चेरी व मेस्किट यांचे पेलेट प्रचलित आहेत. (मेस्किट ही आपल्याकडील विलायती बाभळीची जवळची नातलग.) औद्योगिक पेलेट स्वस्तात मिळतात म्हणून ते ग्रिलमध्ये घालण्याचा मोह आवरावा लागतो.

सवलतीतील खरेदी

पेलेट ग्रिलवरील सवलत साधारणपणे तीन कारणांनी मिळते. अमेरिकेत उन्हाळा संपला की दुकानदारांना जागा मोकळी करायची असते. नव्या नियंत्रकाचा नमुना आला की जुन्याची किंमत उतरते. तिसरे कारण म्हणजे परत आलेला किंवा प्रदर्शनात ठेवलेला माल. पहिली दोन कारणे ग्राहकाच्या फायद्याची असू शकतात. तिसऱ्याच्या बाबतीत उपकरण उघडून पाहणे आवश्यक ठरते. पेलेटची वाटी पातळ झाली आहे का, पेटीच्या तळाशी गंज आहे का, मळसूत्री दांडा अडखळत नाही ना, झाकण सर्व बाजूंनी नीट बसते का, हे पाहावे लागते. पेटवणारी कांडी झिजणारा भाग आहे. ती बदलता येते, परंतु त्या नमुन्याची कांडी अजून बनते का हा प्रश्न विचारला पाहिजे. बंद झालेल्या नमुन्याचा नियंत्रक बिघडला, तर संपूर्ण ग्रिल निकामी होते.

भारतात आणलेल्या ग्रिलबाबत विजेचा दाब हा सर्वांत मोठा अडसर असतो. अमेरिकेतील उपकरणे सुमारे १२० व्होल्टवर चालतात, भारतात २३० व्होल्टचा पुरवठा आहे. परदेशस्थ नातेवाइकांनी घरसामानाबरोबर पाठवलेला ग्रिल थेट जोडल्यास नियंत्रक व मोटर जळते. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. पेटवण्याच्या काही मिनिटांत कांडी दोन-तीनशे वॉट वीज घेते, त्यानंतर मागणी बरीच कमी होते. मध्येच वीज गेली तर पंखा व दांडा थांबतो, आच मंदावते आणि अर्धवट शिजलेले मांस कोमट अवस्थेत पडून राहते. ४ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जिवाणू वेगाने वाढतात. कोंबडीच्या मांसाचे आतील तापमान ७४ अंशांपर्यंत गेल्याची खात्री केल्याशिवाय ते खाऊ नये. वर्ध्याच्या मे महिन्यात, जेथे सावलीतच पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कच्चे मांस ग्रिलजवळ काढून ठेवण्यासही फार थोडा अवकाश असतो.

सिंदीसारख्या लहान नगरातील ग्राहकाने ग्रिलची किंमत विचारण्यापूर्वी दोन गोष्टींची चौकशी करणे शहाणपणाचे आहे. अन्नयोग्य पेलेटचे पोते वाहतुकीसह किती रुपयांना पडेल, आणि ते सहा महिन्यांनीही मिळेल का. बाहेरगावाहून मागवलेल्या वीस किलोंच्या पोत्यावर वाहतुकीचा आकार पेलेटच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. वर्षाला दीडशे किलोंचा वापर धरला, तर दोन-तीन वर्षांत इंधनाची रक्कम ग्रिलवर मिळालेल्या सवलतीहून मोठी होते. त्याच अंगणात पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याला यातील कशाचीच गरज लागत नाही. दीर्घकाळ, एकसारख्या तापमानावर शिजवणे हे पेलेट ग्रिलचे खरे काम आहे, आणि ज्याला ते हवे आहे त्यालाच हा खर्च सार्थ वाटेल. घरगुती स्वयंपाकाची पेलेट शेगडी घेणाऱ्यानेही हेच प्रश्न विचारावेत. त्याने शिवाय आयएस १३१५२ मानकाची खूण पाहावी. हे मानक स्वयंपाकाच्या शेगड्यांसाठी असून ग्रिलला ते लागू होत नाही.

वापर व सुरक्षितता

पेलेट ग्रिल बंद खोलीत, गॅलरीत किंवा छपराखाली वापरू नये. रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू साचून जीव जाऊ शकतो. भिंत, वाळलेली कडबाकुट्टी, पऱ्हाटीची गंजी आणि गोठा यांपासून तो दूर ठेवावा.

ग्रिल बंद करताना एकदम विजेची कळ दाबू नये. वाटीतील पेलेट जळून जाईपर्यंत पंखा चालू राहावा लागतो. तसे न केल्यास आग दांड्यातून मागे सरकत पेटीतील पेलेटपर्यंत पोहोचू शकते. वाटीतील राख दर काही वापरांनंतर काढावी, कारण राखेने हवेची छिद्रे बुजली की पेलेट न पेटता साठत जातात व मग एकाएकी भडका उडतो. राख पूर्ण थंड झाल्यावरच काढावी. अन्नयोग्य लाकडाची स्वच्छ राख परसातील झाडांना घालता येते, चरबीने माखलेली मात्र नाही.

पावसाळ्यापूर्वी पेटीतील व दांड्यातील सर्व पेलेट काढून टाकावे लागतात. आत राहिलेले पेलेट दमट हवेने फुगतात आणि दांड्याभोवती कठीण गठ्ठा होऊन बसतात. तो काढण्यासाठी पुष्कळदा दांडाच बाहेर ओढावा लागतो. उरलेले पेलेट झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून वर ठेवतात. धान्यासाठी वापरात असलेली कोठी त्यासाठी चालते, परंतु त्यानंतर तिच्यात पुन्हा धान्य भरू नये.